पेटी इकडून येत नाही

विमानाची चाकं जमिनीला टेकली तेव्हा प्रेमानंदनं दोन्ही हातांनी समोरची खुर्ची घट्ट धरून ठेवली होती. छत्तीस वर्षांचा झाला तरी विमानात बसायची त्याची ही पहिलीच वेळ. तिकीट ठेकेदारानं काढलं होतं आणि हैदराबादच्या काउंटरवरच्या माणसानं न विचारताच त्याला खिडकीची जागा दिली होती. विमान वर गेल्यावर त्यानं बाहेर पाहिलं. ढगांच्या फटींतून तळी चमकत होती, शेतांचे तुकडे दिसत होते. यातलं कपाशीचं कोणतं, धानाचं कोणतं, हे तो ओळखू लागला. पाच-सात मिनिटं तो त्यात असा रमला की आपल्या पायांखाली, विमानाच्या पोटात, धर्मेंद्र पेटीत आहे हे तो चक्क विसरून गेला. आठवलं तेव्हा त्यानं खिडकीची झडप खाली ओढली. उतरायच्या आधी हवाई सुंदरीनं ती उघडायला लावली, तेव्हा तो मान दुसरीकडे वळवून बसला.

धर्मेंद्र त्याचा शाळेपासूनचा मित्र. कुहीच्या पुढं सात किलोमीटरवर त्यांचं गाव. गावाच्या एका टोकाला बौद्ध वस्तीत प्रेमानंदचं घर, दुसऱ्या टोकाला मनोहररावांचं. धर्मेंद्र हा मनोहररावांचा एकुलता एक मुलगा. घरी धानाची शेती होती, पण ती बाप एकटा सांभाळू शकत होता. प्रेमानंद छताची कामं करायचा. मॉल, दवाखाने, ऑफिसं, जिथं फॉल्स सीलिंग लागेल तिथं. धर्मेंद्रला हे काम त्यानंच शिकवलं. चार दिवसांपूर्वी हैदराबादमध्ये एका मॉलच्या कामावर परांचीची फळी सरकली आणि धर्मेंद्र चाळीस फुटांवरून खाली आला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

विमानातून बाहेर पडल्यावर लोक एका काचेच्या बोळातून चालू लागले. प्रेमानंद त्यांच्यामागं निघाला. बोळ संपला आणि तो नव्या टर्मिनलमध्ये आला.

टर्मिनल सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. रंगाचा वास अजून गेला नव्हता. काही पाट्यांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. सोबतचे प्रवासी थांबून थांबून फोटो काढत होते, एक बाई नवऱ्याला सांगत होती, "अरे, आपलं नागपूर वाटूनच नाही राहिलं!" प्रेमानंदनं आधी वर पाहिलं. छताचं काम करणारा माणूस कुठंही गेला तरी आधी वर पाहतो.

लाकडासारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लाटेसारख्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या होत्या. मधून मधून दिवे. हे छत त्याच्या ओळखीचं होतं. चौदा महिने तो आणि धर्मेंद्र याच छतात राबले होते. पण खालून ते असं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं हे सगळं पाहिलं होतं ते वरून, धुळीत, हिरव्या जाळ्यांच्या आडून, पट्टीला पट्टी जुळवताना. खाली तेव्हा चिखल होता आणि लोखंडाचे ढीग. आता तिथं फरशी इतकी गुळगुळीत होती की त्याला आपल्या चपलांची लाज वाटली.

त्या कामावर सकाळी गेटवरच कमरेचे सुरक्षा बेल्ट तपासायचे. हुक तुटका निघाला तर माणसाला घरी पाठवायचे. धर्मेंद्र वैतागायचा. "बाप्पा, हे त शाळेच्या पीटीवाणी झालं," म्हणायचा. काम संपलं, नागपुरात दुसरं लगेच मिळेना, आणि हैदराबादहून बोलावणं आलं. मनोहररावांच्या मनात पोराला पाठवायचं नव्हतं. प्रेमानंद मुद्दाम त्यांच्या घरी गेला, ओसरीत बसून चहा प्याला आणि म्हणाला, "मी आहो ना काका. माह्यावर सोडा." त्यावर मनोहररावांनी मान डोलावली होती.

हैदराबादला गेटवर कोणी काही तपासत नव्हतं.

"सर, दोन मिनिटं द्याल का?"

समोर निळा कोट घातलेली एक तरुण मुलगी उभी होती. हातात टॅबलेट, छातीवर नावाची पट्टी, भैरवी. तिनं हसून टॅबलेट पुढं केला. त्यावर पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. "नवीन टर्मिनल कसं वाटलं तेवढं सांगायचं. स्वच्छता, बैठक व्यवस्था, इंटिरिअर. फक्त बोट लावायचं, सर."

प्रेमानंदनं त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "मॅडम, कार्गो कुठी आहे?"

"सामान ना? ते खाली, बेल्ट नंबर तीन."

"सामान नाई. माह्या दोस्ताची बॉडी आहे. याच विमानात आली."

भैरवीचं हसू एकदम गेलं. तिनं टॅबलेट छातीशी धरला. "सॉरी, दादा," ती म्हणाली. सर म्हणायचं ती विसरून गेली. "मला पण नक्की नाही माहीत. आम्ही सगळेच नवीन आहोत इथं. थांबा." तिनं दोन-तीन फोन लावले. एकाला माहीत नव्हतं, दुसऱ्यानं तिसऱ्याचा नंबर दिला. शेवटी ती म्हणाली, "कार्गो अजून जुन्या बाजूलाच आहे. इथून आतून रस्ता नाही. बाहेर निघून गाडीनं फिरून जावं लागेल." ती त्याच्याबरोबर सरकत्या जिन्यानं खाली आली, त्याची बॅग येईपर्यंत थांबली आणि बाहेरच्या दाराकडे बोट दाखवून परत फिरली. जाताना तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण तेवढ्यात मागून आलेल्या माणसांनी तिला दुकानांचा मजला विचारला.

काचेचं दार आपोआप उघडलं. बाहेर कठड्यापलीकडे गर्दी होती. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात नावाचे कागद. नवं टर्मिनल पाहायला म्हणून आलेली कुटुंबंही त्यात होती. आणि त्या सगळ्यांच्या पुढं, कठड्याला पोट लावून, पांढरी टोपी आणि गळ्यात दुपट्टा घातलेले मनोहरराव उभे होते. काखेत त्यांनी एक घडी केलेली गोधडी धरली होती. शेजारी गावचे चंपतराव होते. त्यांचीच मालवाहू गाडी घेऊन दोघं पहाटेच निघाले होते.

मनोहररावांनी प्रेमानंदला पाहिलं, पण त्यांची नजर त्याच्यावर थांबली नाही. ती त्याच्यामागच्या दाराकडे गेली. दार बंद झालं, पुन्हा उघडलं. एक बाई लेकराला घेऊन आली. मग दोन पोरं आली. मनोहरराव पाहतच राहिले.

प्रेमानंद त्यांच्यापाशी गेला, वाकून पायाला हात लावला. "काका."

"पेटी कुठी हाय?"

"काका, पेटी इकडून नाई येत. मांगं जुन्या बाजूले जावं लागते."

"काहून? तू त इकडूनच आला."

"माणसं इकडून येतात. ते तिकडून."

मनोहररावांनी आणखी एकदा त्या दाराकडे पाहिलं, मग काखेतली गोधडी दुसऱ्या काखेत घेतली आणि गाडीकडे चालू लागले. चंपतराव प्रेमानंदच्या कानाशी म्हणाले, "आठ वाजल्यापासून उभे होते गा. दार उघडलं की सरसावत."

गाडी वळसा घालून जुन्या बाजूला आली. इथं काच नव्हती, फुलंही नव्हती. पत्र्याची लांब शेड, बाहेर ट्रक, कागदी खोक्यांचे ढीग. खिडकीतल्या कारकुनानं कागद पाहिले आणि सांगितलं की विमानातून माल इकडे यायला, तपासायला दीड-दोन तास लागतील. चंपतराव चहा पाहायला गेले. शेडजवळ एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली सिमेंटचं बाक. दोघं तिथं बसले. मनोहररावांनी गोधडी मांडीवर घेतली.

"प्रयागनं देल्ली," ते म्हणाले. प्रयागबाई म्हणजे धर्मेंद्रची आई. "म्हणे, गाडीचा पत्रा लागन त्याले."

प्रेमानंद समोरच्या ट्रकचा नंबर वाचत बसला.

गोधडीची घडी सारखी करत मनोहरराव म्हणाले, "प्रेमा, तुमच्या साहेबाचा फोन आला होता, चंपतच्या फोनवर. म्हणे, पट्टा देल्ला होता, पोट्ट्यानं लावला नाई. खरं हाय का गा?"

हा प्रश्न येणार हे प्रेमानंदला चार दिवसांपासून ठाऊक होतं. त्याचं उत्तरही त्यानं घोकून ठेवलं होतं. तेच तो बोलला. "मी खाली होतो, काका. छताच्या पट्ट्या वर देऊन राहिलो होतो."

"खाली होता. पण होता ना?"

"होतो."

"तो असा नव्हता गा. बैलाची गाठ दोनदा पाहे. रात्री दाराची कडी लावली का नाई, ते मले उठून विचारे. चाळीस फुटांवर चढला आन पट्टा नाई लावला? माह्या डोक्यात हे बसूनच नाई राहिलं. चार दिवस झाले, मी त्याच्यावर रागावून आहो. मेलेल्या पोरावर रागावून आहो मी."

प्रेमानंदनं घोकलेलं उत्तर तिथंच संपलं.

"पट्टेच नव्हते, काका," तो म्हणाला.

"कोणाचे?"

"कोणाचेच नाई. कामावर अकरा जण होतो आमी. पट्टे दोनच होते, ते मोठे साहेब पाहाले येत तेव्हा काढत. धर्मेंद्र दोनदा बोलला सुपरवायझरले. मीच त्याले म्हटलं, गप राय, पुढच्या आठवड्यात येतात पट्टे."

"मंग साहेब असा काहून म्हणते?"

"त्यायनं कागद केला. कंपनीनं पट्टा देल्ला होता, यानंच लावला नाई, असा. साक्षीदार पायजे होता." प्रेमानंद थांबला. "त्याच्यावर माही सही आहे."

मनोहरराव वळले आणि त्याच्याकडे पाहू लागले. रागानं नव्हे. एखादा अनोळखी माणूस घरात शिरल्यावर पाहावं तसं.

"वाचून केली?"

"हो."

"तुले वाचता येते. धर्मेंद्रपेक्षा दोन वर्गं जास्त शिकला तू."

"सही केली त पेटी आज निघन म्हणत होते, काका. नाई त सोमवारी. मले वाटलं काकू वाट पाहून राहिली असन..." पण अर्धंच सांगून थांबणं त्याला जमेना. मनाला त्यानं हेच सांगून समजावलं होतं, आणि ते पुरं खरं नव्हतं. "आन मले कामावरून काढतील अशी भीती होती. तेही होतं."

मनोहरराव उठले. गोधडी बाकावर ठेवून शेडच्या कोपऱ्यावरच्या नळाकडे गेले. टोपी काढली, तोंडावर पाणी मारलं, आणि टोपी हातात धरून बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. त्यांचं डोकं मागून इतकं पांढरं झालंय हे प्रेमानंदनं आधी कधी पाहिलं नव्हतं. चंपतराव चहा घेऊन आले, त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि तिन्ही कप बाकावर ठेवून दिले. ते तसेच निवले.

दीडच्या सुमाराला खिडकीतून हाक आली. कारकुनानं एक फॉर्म पुढं सरकवला. "काका, इथं सही करा."

"काय लिहलं हाय याच्यात?"

"काही नाही, मिळालं म्हणून पोच. नेहमीचंच असते."

मनोहररावांनी पेन घेतलं नाही. "प्रेमा," ते न वळताच म्हणाले, "वाच."

प्रेमानंद पुढं झाला. फॉर्म इंग्रजीत होता. तो बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगू लागला. पाठवणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचं नाव. विमानाचा नंबर. "नग, एक. वजन, एकशे चार किलो."

"एकशे चार? तो त सत्तरचाही नव्हता."

"पेटी धरून, काका."

"पुढं?"

पुढं मालाचं वर्णन होतं. दोन इंग्रजी शब्द. त्यांचा अर्थ प्रेमानंदला कळत होता, पण तो बापासमोर कोणत्या शब्दांत सांगायचा हे त्याला सुचेना. त्याचं बोट त्या ओळीवर थांबलं. मागं रांगेत उभ्या असलेल्या एकानं घसा खाकरला.

"धर्मेंद्र लिहलं हाय," प्रेमानंद म्हणाला.

मनोहररावांनी पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

ढकलगाडीवरून पेटी आली. साधी, पिवळट प्लायवूडची, वर चिकटवलेले कागद. चंपतरावांनी गाडीचं मागचं फाळकं उघडलं. मनोहररावांनी गोधडी पत्र्यावर अंथरली, कोपरे ओढून सरळ केले आणि मगच पेटी चढवू दिली. ती चौघांनी उचलली. प्रेमानंदच्या वाट्याला डोक्याकडची बाजू आली. पेटी ठेवून झाल्यावर मनोहरराव मागंच, तिच्याजवळ बसले. प्रेमानंद त्यांच्या शेजारी चढू लागला, तर ते म्हणाले, "तू समोर बस." थोड्या वेळानं, गाडी सुरू होत असताना, मागच्या जाळीतून त्यांचा आवाज आला. "हर्षाले तूच सांगजो. मी नाई सांगणार."

हर्षा म्हणजे धर्मेंद्रची बायको. तिला सहा वर्षांची मुलगी होती.

गावात पोचेपर्यंत चार वाजले. अंत्यविधी अंधार पडायच्या आत उरकणं भाग होतं. हैदराबादच्या दवाखान्यानं शरीरात औषध भरून पाठवलं होतं, तरी पेटी फार वेळ उघडी ठेवू नका असं कागदावर लिहिलं होतं. प्रयागबाईंनी पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "गार हाय वं." हर्षा भिंतीला टेकून बसून होती. नदीवरून लोक परतले, आंघोळी झाल्या, तेव्हा प्रेमानंद तिच्यासमोर जाऊन बसला आणि मनोहररावांना जे सांगितलं तेच तिला सांगितलं. या वेळी त्यानं सुरुवातीलाच सहीचं सांगितलं.

हर्षानं सगळं ऐकलं.

"सही करताना यांची आठवण नाई आली तुमाले?" तिनं विचारलं.

"आली होती."

"आन तरी केली."

"तरी केली."

ती रडली नाही. म्हणाली, "मंग आता दुसरा कागद करा. खरा."

आठ दिवसांनी तो तिला आणि मनोहररावांना घेऊन नागपूरला आला. धरमपेठेत एका वकिलीणबाईंचं ऑफिस होतं. चंपतरावांच्या ओळखीतून नाव मिळालं होतं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, प्रतिज्ञापत्र केलं आणि प्रेमानंदला बजावलं की आधीचा कागद खोटा होता हे कबूल केल्यानं तुम्हीही अडचणीत येऊ शकता. तो म्हणाला, चालते. परत येताना एसटीत मनोहरराव हर्षाच्या शेजारी बसले, प्रेमानंद दोन बाकं मागं.

त्यानंतर ठेकेदारानं त्याचा फोन उचलला नाही. त्याचं प्रेमानंदला काही वाटलं नाही. पण नागपुरातल्या दुसऱ्या ठेकेदारांकडे गेला तर तेही "सध्या काम नाही, कळवतो" म्हणू लागले. छताच्या धंद्यात माणसं थोडी, आणि बातमी लवकर पसरते. त्याची बायको सरिता एका रात्री बोलली, "मेलेल्याच्या मांगं जित्या माणसाची रोजी घालवली तुमी." दोन दिवसांनी तीच हर्षाकडे जाऊन सबंध दुपार बसून आली. प्रेमानंदनं कुहीला एका राइस मिलमध्ये पोती उचलायचं काम धरलं. हैदराबादला ठेकेदारावरच्या केसची तारीख पडली. मग आणखी एक पडली.

मिलवर लोक त्याला विचारायचे, "तू त विमानानं आला ना गा? नवीन विमानतळ कसं हाय?" तो म्हणायचा, "मोठं हाय." त्यापुढं त्याला काही सांगता यायचं नाही. वर्तमानपत्रात त्या छताचा फोटो आला होता, मिलच्या मुनिमानं तो कापून भिंतीला लावला होता. प्रेमानंद त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचा.

कार्तिकात धान कापणीला आला. मनोहररावांच्या धानाच्या बांधीत या वर्षी एक माणूस कमी होता, आणि मजूर मिळत नव्हते. प्रेमानंदनं मिलमधून दोन दिवसांची सुट्टी काढली, विळा घेतला आणि न सांगता सकाळीच शेतावर जाऊन एका कडेनं कापायला सुरुवात केली. मनोहरराव आले, त्यांनी त्याला पाहिलं. जा म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. ते दुसऱ्या कडेला लागले. हर्षा आणि प्रयागबाई पेंढ्या बांधत होत्या. दुपारी प्रयागबाईंनी सगळ्यांना भाकर वाढली, त्यालाही वाढली, आणि विचारलं, "मिरचीचा ठेचा घेतं का रे?" तो हो म्हणाला. तेवढंच बोलणं झालं.

ऊन उतरलं तोवर तीन बांध्या झाल्या होत्या. पाठ धरली होती. प्रेमानंदनं विळा कमरेला खोचला आणि शेताच्या धुऱ्यावरून गावाकडे निघाला, तेव्हा मागून मनोहररावांची हाक आली. लिंबाच्या झाडाखालच्या त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच त्याच्याशी स्वतःहून बोलत होते.

"प्रेमा."

तो थांबला.

मनोहरराव जवळ आले. त्यांच्या अंगावर, भुवयांवर धानाचा भुसा बसला होता.

"केसचं तू करून राहिला, ते बरोबर हाय. ते करजो," ते म्हणाले. "पण उद्या येऊ नको."

"काका, अजून चार बांध्या आहेत."

"राहू दे. होईन तसं होईन." त्यांनी कापलेल्या शेताकडे हात केला. "तू तिकडून कापत येते, आन मले तो दिसते. दिवसभर मी तिकडेच पाहून राहिलो. मंग मान वर करतो, त तू असतं."

प्रेमानंदनं मान हलवली. मनोहरराव वळून परत बांधीत गेले आणि राहिलेल्या पेंढ्या उचलू लागले. हर्षानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली. प्रेमानंद थोडा वेळ धुऱ्यावर उभा राहिला. मग गावाच्या आपल्या टोकाकडे चालू लागला.